कोलशेतचा गरुड

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसाल तुम्ही, मला माहितीय. पण निदान चहाचा घोट तोंडात असताना हसू नका, टेबलक्लॉथ नवीन आहे!

मी कोपरला राहते, मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. दुपारी घर रिकामं. त्यात मला शेअर बाजाराच्या एका ऑनलाइन फोरमचा नाद लागला. काय एकेक माणसं तिथे! कुणी म्हणतो 'रॉकेट आहे, पकडा', कुणी म्हणतो 'बुडणार, पळा'. सगळे अनोळखी, आणि सगळ्यांना माझीच काळजी!

माझा नवरा महेश म्हणायचा, "अगं, फुकटात कोण कुणाचं भलं करतं? ज्याच्याकडे शेअर आहेत तो म्हणणार वर जाणार. ज्याला स्वस्तात हवेत तो म्हणणार खाली जाणार."

"मला नको शिकवूस. मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वासच ठेवत नाही."

आणि तिथेच घात झाला. कारण मी डोळ्यांनी बघितलं!

माझी नणंद शिल्पा कोलशेतला टॉवरमध्ये राहायला गेली. तिच्या वास्तुशांतीला गेलेले. शिऱ्याची बशी घेऊन बाल्कनीत येते तर काय, खाली पंप बनवणारी फॅक्टरी! तीच, जिचे थोडे शेअर माझ्याकडे होते. आणि गेटपासून पार नाक्यापर्यंत ट्रकची रांग! एवढा माल? एवढा खप? शिऱ्याची बशी तशीच कठड्यावर ठेवली हो!

तिथल्या तिथे फोरमवर 'कोलशेतचा गरुड' असं भारदस्त नाव घेतलं. (शिकवणीवाल्या बाईंचं कोण ऐकतंय?) आणि ठोकून दिलं, 'आतल्या माणसाकडून पक्की खबर. माल उचलायला ट्रक कमी पडतायत.'

आतला माणूस कोण? मीच. आत म्हणजे बाल्कनीच्या आत!

त्याच आठवड्यात माझ्या मामांचा फोन. आवाज एवढा खाली, मला वाटलं कुणी गेलं की काय.

"चिमे, एकटी आहेस ना? आतली बातमी आहे. कोलशेतच्या त्या पंपवाल्यांना परदेशातली ऑर्डर लागलीय. ट्रक पुरत नाहीत!"

"काय सांगता मामा! खात्रीची?"

"खात्रीची म्हणजे! मी घेऊन बसलोय. तू कुणाला बोलू नकोस."

आता मला सांगा, मी गणित शिकवते. एक पुरावा माझे डोळे, दुसरा मामा. दोन वेगवेगळे पुरावे जुळले, सिद्ध झालं! मॉड्युलर किचनसाठी साठवलेले सगळे पैसे मी त्या पंपांत ओतले. ही खबर मामांकडे आली कुठून, हा प्रश्न मला शिवलासुद्धा नाही!

शेअर जरा वर गेला. मी हवेत! मग जो आपटला, जो आपटला... शिल्पाला फोन केला, "अगं, ते ट्रक आहेत ना अजून?"

"कुठले? ते होय! वहिनी, पुढचा रस्ता खणलाय ना, म्हणून तिथे अडकून पडायचे. जाणारे-येणारे कुणाकुणाचे ट्रक. फॅक्टरीचं तर गेटसुद्धा उघडत नाही फारसं."

रविवारी मामा घरी आले. चेहरा लालबुंद.

"तो कोलशेतचा गरुड सापडू दे, पिसं काढतो त्याची! सगळी अफवा त्यानं उठवली. भाव चढवणाऱ्यांनी पैसे चारले असणार त्याला!"

"हो ना मामा," मी मामांपेक्षाही मोठ्यानं म्हटलं, "असल्या माणसांना लाज कशी वाटत नाही!"

"थांब, आत्ताच मेसेज टाकतो त्याला. मर्द असशील तर समोर ये!" मामांनी बोट दाबलं.

टिंग!

माझा फोन टेबलावर, मामांच्या बशीशेजारी, तोंड वर करून. 'कोलशेतचा गरुड, तुमच्यासाठी नवा मेसेज : मर्द असशील तर समोर ये.'

महेश उठून पाणी प्यायला आत गेला. पाणी कसलं, आतून नुसतं खो-खो ऐकू येत होतं!

मामांनी माझा फोन उचलून वाचला. मग हळूच म्हणाले, "चिमे... किती मिळाले गं तुला?"

बोला, काय सांगणार? बाल्कनीतून अनोळखी ट्रक बघितले, त्याची बातमी केली, तीच तुमच्याकडून ऐकली आणि तिच्यावर विश्वास ठेवून स्वतःच बुडाले, असं? भाचीला लबाड म्हटलेलं परवडलं हो, गणिताच्या बाईंना बावळट म्हटलेलं नाही परवडत!

मी मान खाली घालून म्हटलं, "मिळाले थोडेफार."

मामांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी हात पुढे केला.

"मग त्यातला माझा अर्धा वाटा काढ!"

काढला. काय करते? उरलेसुरले शेअर पडत्या भावात विकून!