अडखळणाऱ्याला दोन चिंचोके

माझ्या निरोप समारंभात तिघांनी भाषणं केली आणि तिघांनीही माझ्या चिंचोक्यांच्या पद्धतीचं कौतुक केलं. मी हात जोडून ऐकून घेतलं. ती पद्धत माझी नव्हती.

पन्नासच्या दशकात मी अंधेरीच्या एका मराठी शाळेत नवा मास्तर होतो. शेजारच्या वर्गावर रत्नागिरीकडचे एक मुसलमान मास्तर होते, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. पहाटे मशिदीत मुलांना कुराण वाचायला शिकवून ते तसेच शाळेत येत. खिशात चिंचोके खुळखुळत. त्यांच्या वर्गात धडा घडाघडा वाचणाऱ्याला एक चिंचोका मिळे, अडखळत का होईना पण शेवटपर्यंत वाचणाऱ्याला दोन.

"हे उलटं नाही का, मास्तर?"

"अरे, आमच्या पैगंबरांनीच सांगून ठेवलंय. कुराण अडखळत वाचतो त्याला दुप्पट पुण्य. एक वाचल्याचं, एक कष्टाचं. आणि मुलं काय, मशिदीत अडखळतात तशीच इथे अडखळतात."

मी ते उचललं. माझ्या वर्गात वर्सोव्याच्या कोळ्यांची मुलं होती, आरे कॉलनीतल्या गवळ्यांची हिंदी बोलणारी होती, कारकुनांची होती. एक कोळ्यांची मुलगी पुस्तकच उघडत नसे. "मना नाय येत," एवढंच. दोन चिंचोक्यांसाठी तिने तोंड उघडलं. आठवड्याभरात एका कारकुनाचा हुशार मुलगाही मुद्दाम अडखळू लागला. मी मास्तरांकडे तक्रार नेली.

ते पोट धरून हसले. "त्याला वरच्या इयत्तेचं पुस्तक दे. खराखुरा अडखळू दे की!"

मग तपासणीचे साहेब आले. त्या मुलीने ओळीवर बोट ठेवून, घाम पुसत, पान पुरं केलं आणि साहेबांसमोरच माझ्यापुढे हात पसरला, "दोन!"

साहेब खूश झाले. "ही युक्ती कोणाची?"

मास्तर दारातच उभे होते.

"माझी, साहेब," मी म्हणालो.

शेरा उत्तम मिळाला. त्या शेऱ्यावर पुढे मी त्यांच्याच डोक्यावर मुख्याध्यापक झालो. ते त्याच वर्गावरून निवृत्त झाले. सरकारी माणसासमोर धर्माचं नाव निघालं असतं तर त्यांनाच त्रास झाला असता, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगितलं. पण हे मला घरी जाताना सुचलं होतं. त्या क्षणी मला फक्त शाबासकी हवी होती.

शाळा सुटल्यावर मास्तर माझ्याजवळ आले होते. "झकास बोललास रे. एकदाही अडखळला नाहीस." आणि त्यांनी माझ्या हातावर एक चिंचोका ठेवला. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही नाही.

एवढं लिहायला मला पंधरा दिवस लागले. खाडाखोड बरीच झाली आहे. मास्तर असते तर त्यांच्यासमोर बसून वाचलं असतं, शेवटपर्यंत.