धुराड्याखालचं वाळवण

बडनेऱ्याहून अकोल्याला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये एक वयस्क बाई माझ्यासमोर बसली. बसण्याआधी तिनं बाकावरून बोट फिरवलं, बोटाकडे निरखून पाहिलं आणि मग पदरानं जागा पुसली.

मी मोबाईलवर राज्याराज्यांतले विजेचे दर ताडून बघत होतो. अकोल्यात मी क्रिप्टो मायनिंगची, म्हणजे संगणकावर आभासी नाणी कमावणारी, मशिनं लावली आहेत. ती दिवसरात्र चालतात आणि सगळी कमाई विजेच्या बिलात जाते.

"इतकं काय शोधून राहिला रे बाबू?"

"वीज कुठं स्वस्त आहे ते बघतोय, मावशी. मशिनं छत्तीसगडला हलवावी म्हणतो."

तिनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. लांबवर वीजकेंद्राचं धुराडं दिसत होतं.

"वीज तं इथंच बनते. तिची राख माह्या गच्चीवर पडते. वीज महाग, राख फुकट! पोरगा म्हणते, कुरड्या घालणं सोड. कावून सोडू? धुराडं माह्यामागून आलं. मी दर उन्हाळ्यात घालतो, वरून लुगडं ताणतो, दिवसातून चारदा झटकतो. पाहू कोण थकते!"

उतरताना तिनं पिशवीतून कुरड्यांचा पुडा काढून माझ्या हातात कोंबला.

"तळून पाह्य. एकीत जरी राख सापडली, तं ने तुह्या मशिनी छत्तीसगडले."

घरी सगळ्या तळल्या. पांढऱ्याशुभ्र फुलल्या. दाताखाली एकही कण आला नाही.

मशिनं अजून अकोल्यातच आहेत. बिल आलं की मीही म्हणतो, पाहू कोण थकते!