गिरणीतली धूळ

वडिलांची, म्हणजे आमच्या आप्पांची, पिठाची गिरणी सुरू झाली की गावातले कावळे पांढरे होऊन उडत. यात तसूभरही अतिशयोक्ती नाही. आप्पा गेले, गिरणी थांबली, आणि उद्या ती नव्या मालकाच्या ताब्यात जाणार. पत्र्याच्या भोकातून आलेल्या तिरिपेत पिठाचे कण अजून गरगरत होते.

परवाच वाचलं, ताऱ्यांमधल्या धुळीतून सूक्ष्मलहरी येतात. त्यांचं मूळ वर्षानुवर्षं कोणाला उमगेना. आता म्हणतात, धुळीचे अतिसूक्ष्म कण भन्नाट गिरक्या घेतात, त्यातून त्या निघत असाव्यात. त्यांत हिऱ्यांचे कणही असतील कदाचित. आमच्या गिरणीतला न सुटलेला प्रश्न एकच: बाजरीनंतर पहिला गहू कोणाचा?

"आप्पा, माझ्या पोळ्या काळ्या करू नका हं!" बायका ओरडत.

मग आप्पा घरचाच गहू आधी दळत. आम्ही जन्मभर करड्या पोळ्या खाल्ल्या.

"अहो, झाडताय ना? उद्या माणसं येतील," बायकोने केरसुणी पुढे केली.

"आप्पांच्या हातचं शेवटचं पीठ आहे गं हे."

केरसुणी भिंतीला टेकवून तिने हळूच दार लोटलं, वारा आत येऊ नये म्हणून.