पेन्सिलीतला जावई

आमच्या गावच्या कालव्यावरचा पूल डाउवे उघडतो. बोट आली की रस्ता वर, बोट गेली की रस्ता खाली. एकतीस वर्षं हेच काम करतोय, कधी चुकला नाही. या एप्रिलमध्ये मात्र बोट पार दिसेनाशी झाली तरी पूल उभाच, आणि दोन्हीकडे गाड्यांचे भोंगे. मी त्याची शेजारीण. खिडकीतून ओरडले, "डाउवे, झोप लागली का?"

"झोप कसली लागतेय, गेस्के!" तो म्हणाला.

कारण मला ठाऊक होतं. आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. त्यात साल नाही, वार नाही, नुसत्या तारखा आणि नावं, म्हणून एकच कॅलेंडर जन्मभर पुरतं. त्यात नाव चढलं की माणूस घरचा झाला. डाउवेची बायको गेल्यापासून नावं तोच लिहितो.

त्याची मुलगी फेम्के चौतीस वर्षांची. आठ वर्षं ती वाउटरबरोबर राहिली. वाउटरचं नाव चौदा एप्रिलला, निळ्या पेनानं. दोन वर्षांपूर्वी तिनं त्याला सोडलं. आता टाइस आहे. घरांची छपरं शाकारतो, आडव्या बांध्याचा, घर हलेल असा हसतो. तो आला की डाउवे एका जागी बसत नसे. उठून खिडकी उघडायचा, परत लावायचा, परत उघडायचा. मला तर बघूनच घेरी यायची.

बारा तारखेला फेम्केचा वाढदिवस बापाच्या घरी होता. खुर्च्या गोलात, कॉफी, प्रत्येकाला केकचा एकच तुकडा. अशा वेळी आम्ही घरच्या सगळ्यांचंच अभिनंदन करतो. मी डाउवेचा हात हातात घेतला, "मुलीबद्दल अभिनंदन." मग टाइसचा, "फेम्केबद्दल अभिनंदन." हे ऐकून डाउवे कॉफी ढवळत बसला. साखर तो घेतच नाही.

थोड्या वेळानं टाइस संडासातून हसत आला. "सासरेबुवा, वाउटर पेनानं आणि मी पेन्सिलीनं? निदान खोडरबर तरी लपवून ठेवा!"

सगळे हसले. फेम्के आत जाऊन बघून आली आणि कोट चढवायला लागली.

"अगं, केक तरी..." डाउवे म्हणाला.

"ठेवा वाउटरसाठी. परवाच आहे त्याचा."

त्यानंतर ती फोन उचलेना. डाउवे घरातून पुलावर, पुलावरून घरी. शेवटी मी त्याला झापलं, "अरे, वाउटरचं नाव खोडायला काय धाड भरली होती तुला?"

"माझी बायको गेली तेव्हा तो रोज पुलावर येऊन माझ्याजवळ बसायचा," तो म्हणाला. "फेम्केनं त्याला सोडलं, तिची मर्जी. पण माझाही तो होताच ना? एकदा पेनानं लिहून बसलो. पुन्हा धीर होत नाही गं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तरी म्हटलं, "हे मला काय सांगतोस? तिला सांग. ती परत कधी आलीच नाही तर काय करशील?"

वीस तारखेला टाइसचा वाढदिवस. डाउवेनं कॅलेंडर खिळ्यावरून काढून पिशवीत घातलं आणि सायकलवर त्यांच्याकडे निघाला. वाटेत दोनदा मागे वळला. मी बरोबर होते म्हणून पोचला.

दार फेम्केनं उघडलं. उंबऱ्यातच त्यानं सगळं सांगून टाकलं, अर्धंमुर्धं, अडखळत. "वाउटर माझ्यानं खोडवत नाही, पोरी."

"खोडा म्हटलंय का मी? त्याला मी सोडलंय, तुम्ही नाही. पण टाइस चार दिवसांचा पाहुणा नाहीये, बाबा."

डाउवेनं हात पुढे केला. "टाइसबद्दल अभिनंदन."

तिनं तो धरला आणि सोडलाच नाही. "तुमचंही अभिनंदन. जावयाबद्दल."

आतल्या गोलातून टाइस उठून आला. डाउवेनं खिशातून पेन काढलं, मग दुसरं, एखादं चाललं नाही तर म्हणून तिसरंही. टेबलावर केकच्या बश्या होत्या. टाइस म्हणाला, "इथे लिहा," आणि वाकून पाठ पुढे केली. डाउवेनं त्या पाठीवर कॅलेंडर ठेवलं.

"अहो, केवढं दाबताय!" टाइस ओरडला.

डाउवेनं आणखी दाबून लिहिलं.