भरून ठेवलेली सिरिंज

माझी वहिनी दातांच्या दवाखान्यात हायजिनिस्ट होती. लोकांच्या दातांवरचं किटण खरवडायचं, दात नीट घासायला शिकवायचं, हे तिचं काम. हिरडी बधिर करायचं इंजेक्शन मात्र डॉक्टरांनीच द्यायचं, तसा नियमच होता. नणंद असून मी तिची बाजू घेतेय, म्हणजे हे प्रकरण माझ्या किती डोक्यात गेलं असेल बघा.

डॉक्टर पक्के. 'इंजेक्शन द्या' असं तोंडाने कधी म्हणाले नाहीत. सिरिंज स्वतः भरायचे, वहिनीच्या ट्रेमध्ये ठेवायचे आणि शेजारच्या खोलीतल्या पेशंटकडे निघून जायचे. इकडे खुर्चीत माणूस आ वासून बसलेला, बाहेर बाकावर गर्दी. वहिनी टोचून मोकळी व्हायची. "अगं, अंगाशी येईल एक दिवस," असं मी तिला कितीदा म्हटलं. ती म्हणायची, "विश्वासाने ठेवतात गं ते. नाही कसं म्हणू?" डोंबलाचा विश्वास.

आलंच अंगाशी. एका शिक्षिकेच्या नसेला सुई लागली आणि तिचा खालचा ओठ सुन्न झाला तो झालाच. चहा हनुवटीवर ओघळतो, तिला कळत नाही. वर्गातली मुलं हसतात. तिने तक्रार केली आणि वहिनीचा परवाना टांगणीला लागला.

दादाने आणि मी तिला समोर बसवून पढवलं होतं. "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं, एवढंच म्हण. त्यात खोटं काय आहे?" ती हो म्हणाली होती.

चौकशी समितीने विचारलं, "इंजेक्शन द्यायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

वहिनीने डॉक्टरांकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "सांगितलं असं कोणी नाही. त्यांनी भरून ठेवलं होतं."

"माझ्यासाठी ठेवलं होतं," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मी परत येणारच होतो."

मी उठणार होते, दादाने माझं मनगट धरून ठेवलं. अध्यक्षांनी वहिनीच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि परवाना रद्द केला. डॉक्टरांना नुसती समज. ते कौतुक घेऊन काय चुलीत घालायचं होतं?

बाहेर जिन्याजवळ मी तिच्यावर तोंड सोडलं. ती म्हणाली, "सुई माझ्याच हातात होती ना? त्या बाईंचा ओठ माझ्यामुळे गेला. मला झाली ती शिक्षा पटते." मी आणखीच चिडले. "आणि त्याचं काय?" मी विचारलं. तेवढ्यात तोच खाली उतरत आला.

"ताई, मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. "उद्या जरा याल का? नवीन मुलगी येतेय. आपल्याकडची कामाची पद्धत तिला समजावून द्या."

दादाने तोंड फिरवलं. मी वहिनीकडे बघत राहिले. आता तरी बोल, बाई.

"किती वाजता येऊ?" वहिनीने विचारलं.