एकच होता

घाटंजीच्या भर बाजारात मी एका माणसाला चोर ठरवलं. चूक माझी होती.

तो लॅपटॉप दुरुस्त करायचा. कागदावर मशीनचं चित्र काढून त्यावर प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी ठेवायचा. तापलेल्या मशीनवर तर लेकराचा ताप पाहावा तसा हात ठेवायचा. कापूस बुडाला त्या वर्षी ऑफिससाठी शेतकऱ्यांच्या नुकसानीच्या याद्या करताना माझा लॅपटॉप अडकायला लागला, म्हणून त्याच्याकडे दिला. परत आणायला गेलो तेव्हा लॅपटॉप उघडलेला होता. आत प्रोसेसर एकच, आणि वर तर 'ड्युअल कोर' लिहिलेलं; मला वाटलं, म्हणजे प्रोसेसर दोन.

"दुसरा कुठी गेला? काढून घेतला न तुनं?" मी ओरडलो. माणसं जमली.

"साहेब, एकच ऱ्हायते," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन बसवायले जागा कुठी हाय? बॅटरी घंट्यात खतम होईन, अन् मांडीवर भाकर भाजून निघन. ह्या एकातच दोन कोर हाय, दोघं काम करते. भाऊ दोन, पण चूल एकच."

मी ऐकलं नाही. पुढे यवतमाळला ऑफिसचा नवा 'ड्युअल कोर' लॅपटॉप उघडलेला पाहिला. त्यातही एकच होता.

त्यानंतर मी त्याच्या दुकानासमोरून मान खाली घालून जायचो. मशीन उघडण्याआधी तो आता गिऱ्हाइकाला जवळ बोलवायचा, "पाहून घ्या, मोजून घ्या." ही सवय त्याला माझ्यामुळे लागली होती.

शेवटी बाजाराच्याच दिवशी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "भाई, त्यात एकच होता. तुम्ही काही काढलं नव्हतं. मले माफ करा."