निळ्या पट्ट्याची खिडकी

आमच्या वहिनीला अम्युझमेंट पार्कात सगळे सीसीटीव्ही म्हणतात. तोंडावर ताई, पाठीमागे सीसीटीव्ही. तिला हे ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, पैज लावा.

मुख्य गेटातून आत आलं की डाव्या हाताला तिची खिडकी. ज्यांना आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे लांबलचक रांगेत उभं राहणं झेपत नाही, त्यांच्या मनगटावर तिथं निळा पट्टा बांधतात. पट्टा असला की प्रत्येक राइडला बाजूच्या फाटकातून आत. मी तसल्याच एका फाटकावर असतो, बोटीच्या राइडला. वहिनीनं पट्टा बांधायचा, मी तो बघून फाटक उघडायचं. तिनं बांधला नाही तर साक्षात देव आला तरी मी उघडत नाही.

ती आधी अशी नव्हती हो. सुरुवातीला येईल त्याला पट्टा. "असल्या गोष्टीत कशाला कोण खोटं बोलेल?" म्हणायची. मग एकदा एक टोळकं आलं. पाच-सहा धडधाकट माणसं आणि व्हीलचेअरवर एक म्हातारे गृहस्थ. 'आमचे आजोबा' म्हणे! आजोबांच्या जिवावर सगळ्या राइड झाल्या, मंडळी हसत-खिदळत घरी गेली. पार्क बंद करताना आजोबा आम्हाला बोटीच्या मागच्या भिंतीशी सापडले. उन्हानं चेहरा लाल झालेला, ओठ सुकलेले. कुणाचे आजोबा न् कसलं काय! शेजारचे एकटे राहणारे गृहस्थ, फिरवून आणतो म्हणून नेलेले. वहिनीनं त्यांना चमच्यानं पाणी पाजलं. त्या दिवशी तिचा माणसांवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

तिच्या केबिनला मागच्या बाजूला एक छोटी खिडकी आहे. समोर आइस्क्रीमची गाडी. वहिनीची खरी ड्यूटी त्या खिडकीत. "पट्टा मिळाला ना भाऊजी, की माणूस सैल पडतो," ती मला सांगायची. पुढच्या खिडकीशी उजव्या पायानं लंगडणारा गडी आइस्क्रीमच्या गाडीपाशी डाव्या पायानं लंगडायला लागायचा. मग वहिनी कात्री घेऊन बाहेर यायची आणि चारचौघांत त्याचा पट्टा कापायची. एकदा व्हीलचेअरवर सकाळी सासूबाई बसलेल्या, दुपारी जावई. "सासूबाई बऱ्या झाल्या वाटतं?" वहिनीनं इतकं गोड विचारलं, की जावई खुर्चीतून उठून पळाला. आम्ही आठवडाभर हसत होतो.

आणि ती चुकत होती असं मला कुणी सांगायला येऊ नये. खोट्या पट्टेवाल्यांची माझ्या फाटकाशी एवढी गर्दी व्हायची, की खऱ्यांनाच ताटकळावं लागायचं. गोंगाट सहन न होणारी एक मुलगी कान दाबून जमिनीवर लोळत होती, आणि तिची आई मला हात जोडत होती. पुढे उभी होती सगळी ठणठणीत जनता, मोबाइलवर फोटो काढत. संताप होतो हो! वहिनीनं चाळणी लावली म्हणून तरी अशा पोरींचं निभावलं.

पण ही नजर ड्यूटी संपल्यावर पार्कात ठेवून येता येत नाही ना. ती घरी आली. आणि घरात होता दादा.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वायरमन. शिडीवर चढून काम करणारा माणूस. गेल्या वर्षी शिडीच्या खालच्याच पायरीवरून पडला. मग वरचेवर पाय दगा द्यायला लागले. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, हा येतो-जातो. काही दिवस छान जातील, काही दिवस पाय ऐकणार नाहीत.

"येतो-जातो?" वहिनी म्हणाली. "सोयीचा आजार दिसतोय! मॅच असली की जातो, बाजाराची पिशवी उचलायची असली की येतो."

झालं. त्या दिवसापासून घरात एकच प्रश्न: दादा खरा की सोंगाड्या? तो जिना चढला की ही मोजल्यासारखी बघायची. तो बसून राहिला की ही न बोलता भांडी आपटायची. एकदा दादा पलंगावर पडून होता, पाय उचलत नाहीत म्हणत होता. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, दूध उतू जातंय!" दादा उठून धावला. मी तिथंच बसलो होतो, डोळ्यांनी पाहिलं. गॅस बंद होता, दूध फ्रिजमध्ये. वहिनी ओट्याला टेकून हाताची घडी घालून उभी.

"पळता येतं की!"

दादा ओटा धरून उभा राहिला. त्या रात्री त्याला संडासापर्यंत मी जवळजवळ उचलून नेलं. वहिनी आतून म्हणाली, "पकडल्यावर नाटक वाढतंच." आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. धावला तर होता ना!

तेव्हापासून दादानं दुखण्याचं नाव काढणं सोडलं. कसा आहेस? बरा आहे. चहा हवा? असला तर दे. वहिनी मला म्हणाली, "बघा, हात दाखवल्यावर कसा आजार पळाला!" मीही मान डोलावली.

पार्कात वर्षातून एकदा आमच्या घरच्यांना फुकट सोडतात. या वर्षी दादा-वहिनीच्या लेकीनं, चिमीनं हट्ट धरला: बोटीत बसणार ते बाबांबरोबरच. वहिनीची खिडकीवर ड्यूटी, म्हणून दोघंच आले. ऊन रणरणतं होतं. बघतो तर काय, दादा चिमीचा हात धरून साध्या रांगेत उभा, कठड्याला टेकून. मी फाटक जोडीदाराच्या हवाली केलं आणि त्याच्यापाशी गेलो.

"अरे दादा, जमणार आहे का एवढं? वहिनीकडून पट्टा बांधून घे ना."

"कशाला? मी बरा आहे."

"घाम बघ किती आलाय."

"ऊन आहे. तू जा बरं, तुझं काम कर." आणि मग हळूच म्हणाला, "त्या खिडकीत नाही जायचं मला."

मी परत फिरलो. मनात म्हटलं, बरा आहे म्हणतोय तर असेल बरा. उगाच कशाला?

रांग पुढे सरकली. दादा सरकला नाही. मागचे ओरडायला लागले, "ओ काका, चला की!" दादानं पाऊल टाकायला घेतलं आणि तिथंच खाली बसला. बसला कसला, कोसळला. मी धावलो. मागचा एक टोपीवाला मोठ्यानं म्हणाला, "अहो, मगाशी तर ठणठणीत उभा होता! आता पुढं घुसायची युक्ती. सगळी नाटकं!"

वॉकीटॉकीवर कळलं तशी वहिनी व्हीलचेअर घेऊन धावत आली. टोपीवाल्याचं वाक्य तिनं ऐकलं. तिचीच भाषा होती ती. गर्दी बाजूला करून ती दादासमोर उभी राहिली आणि सवयीनं बघायला लागली, आधी चेहरा, मग पाय.

दादाचा उजवा पाय आपोआप थडथड उडत होता. आणि तो दोन्ही हातांनी गुडघा दाबून, वर चिमीची पिशवी ठेवून तो पाय झाकत होता. वहिनीनं इतकी वर्षं सोंगं पाहिली. सोंग घेणारा दुखणं दाखवतो हो, सगळ्यांना दिसेल असं दाखवतो. हा लपवत होता. बायको आलेली बघून तर जास्तच लपवायला लागला. हसलासुद्धा. "काही नाही गं, चप्पल अडकली."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. टोपीवाला अजून बडबडत होता. ती त्याच्याकडे वळली आणि असली कडाडली, "तोंड बंद करा! आजारी आहे माझा नवरा!", की अख्खी रांग चिडीचूप. चिमी रडायला लागली. मी आणि वहिनीनं मिळून दादाला खुर्चीत बसवलं. मी दुसऱ्या बाजूला तोंड करून डोळे पुसले.

बाजूच्या सावलीत खुर्ची नेल्यावर वहिनी त्याच्यासमोर खाली फरशीवर बसली. त्याचा उडणारा पाय तिनं दोन्ही हातांत धरला.

"अहो," ती म्हणाली, "खूप दुखतंय का?"

दादानं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पाय हळूच तिच्या हातातून सोडवून घेतला.

"का?" तो म्हणाला. "का विचारतेस?"